लहान मुलांना आकार आणि दिशा कशा शिकवता? चौकोन, चौरस की डायमंड?

रानजाई
लेक ज्युनियर केजीत आहे, इंग्लिश मीडियम. घरी आम्ही मराठीच बोलतो. परवा शाळेतून वर्कशीट आलं, त्यात चौरस एका कोपऱ्यावर उभा केलेला होता आणि तो डायमंडच्या रंगाने रंगवायचा होता. हिने स्क्वेअरच्या रंगाने रंगवला, म्हणून लाल फुली. विचारलं तर म्हणे "अगं स्क्वेअरच आहे तो, तिरका झालाय फक्त". मला तर तिचंच बरोबर वाटतंय! मॅमना मेसेज केला तर उत्तर आलं की या वयात असंच शिकवतात, मुलीला कन्फ्यूज करू नका.

त्यात घरी वेगळाच घोळ. सासूबाई चार बाजू दिसल्या की चौकोन म्हणतात, मग तो पाट असो, खेळायचा पत्ता असो की शंकरपाळं. नवरा म्हणतो चौरस आणि आयत आत्तापासूनच वेगळे सांग. आणि गोल तर विचारूच नका, पोळी गोल, लाडू गोल, बांगडी गोल, रस्त्यावरचं वळणही गोल.

तर प्रश्न असा की चार-पाच वर्षांच्या मुलांना नक्की कुठले शब्द द्यायचे, मराठी-इंग्रजी एकदम दिले तर चालतात का, आणि आत-बाहेर, डावं-उजवं वगैरे तुम्ही कसं शिकवलंत? (शाळा बदला हा सल्ला कृपया नको. ॲडमिशनसाठी काय दिव्य केलंय ते आमचं आम्हाला माहीत.)

पेठेतला_पोपट
सासूबाई बरोबर, नातही बरोबर. वर्कशीट तेवढी नापास. आता चिवडा घेऊन बसतो, धागा शंभरी गाठणार.

निवृत्त_मास्तर
रानजाईताई, फुलीचं मनावर घेऊ नका. प्राथमिकला गणित शिकवण्यात अख्खी नोकरी गेली म्हणून जरा लांबण लावतो.

चार बाजूंची बंद आकृती म्हणजे चौकोन, मग ती कशीही वेडीवाकडी असो. चारही कोन काटकोन असले की तो आयत. चारही बाजू सारख्या असल्या की समभुज चौकोन, शंकरपाळं त्यातलंच. आणि दोन्ही गोष्टी जमल्या की चौरस. म्हणजे तुमच्या सासूबाई पाटालाही चौकोन म्हणतात आणि शंकरपाळ्यालाही, यात गणिताच्या दृष्टीने काडीचीही चूक नाही. डायमंड हे पत्त्यातलं आणि सराफाकडचं नाव, भूमितीतलं नव्हे. आकृती फिरवली म्हणून तिचं नाव बदलत नाही.

आता मुलांना ते तसं का दिसतं. नेदरलँड्समध्ये डीना आणि पिएर व्हॅन हिले हे शिक्षक जोडपं होतं, दोघांनी १९५७ साली युट्रेख्टला प्रबंध दिले. त्यांचं म्हणणं असं की भूमिती समजण्याच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर मूल आकृती अख्खी बघतं, दारासारखी दिसते म्हणून आयत, बस. बाजू किती, कोपरे कसे हे पुढच्या पायरीवर, आणि चौरस हा आयतही असतो हे पटणं त्याच्याही पुढे. म्हणून तर बूड खाली असलेला त्रिकोण पटकन ओळखणारं पोर तोच उलटा काढला की "हा त्रिकोण नाही" म्हणून ठाम सांगतं. लांबुळका, सुईसारखा त्रिकोण काढा, वर्गातली निम्मी मुलं नाही म्हणतील. तुमची लेक "तिरका झालाय" म्हणते म्हणजे ती मनातल्या मनात तो सरळ करून बघतेय. तिला पेढा द्या.

आणि व्हॅन हिलेंचा महत्त्वाचा मुद्दा हा की पुढची पायरी नुसतं वय वाढलं म्हणून येत नाही, हाताळून आणि त्यावर बोलून येते.

बाणेरचा_बाण
मास्तर एक मिनिट. चौरस हा आयत?? आम्हाला शाळेत स्पष्ट सांगितलं होतं समोरासमोरच्या बाजू सारख्या तो आयत आणि चारही सारख्या तो चौरस. दोन वेगळ्या गोष्टी. उद्या म्हणाल बुलेट ही सायकल आहे.

निवृत्त_मास्तर
चारही सारख्या असल्या तर समोरासमोरच्या सारख्या नसतात का हो?

बाणेरचा_बाण
...

कॉफी_आणि_कडबोळी
बाणेरच्या बाजूने एक साक्षीदार आणते, साधासुधा नाही, भूमितीवाला ग्रीक गणिती युक्लिड! इसवी सनाच्या आधी साधारण ३०० च्या सुमाराला त्याने जे लिहिलं त्यात पहिल्याच पुस्तकातल्या बाविसाव्या व्याख्येत आयताला अट घातलीय की काटकोन हवेत पण बाजू सगळ्या सारख्या नकोत. समभुज चौकोनाचंही तसंच, काटकोन असेल तर तो समभुजमध्ये मोजायचा नाही. म्हणजे जुना हिशोब वेगवेगळ्या कप्प्यांचा होता. आजच्या गणितात मोठ्या डब्यात छोटा डबा असा हिशोब करतात कारण तो सोयीचा पडतो, आयताबद्दल एकदा सिद्ध केलेलं चौरसाला आपोआप लागू होतं. त्यामुळे रानजाईच्या नवऱ्याने लगेच हार मानायची गरज नाही, त्याच्या पाठीशी युक्लिड आहे.

मात्र साडेचार वर्षांच्या मुलीला यातलं काहीही सांगू नये, इतकंच.

पेठेतला_पोपट
नवऱ्याच्या पाठीशी युक्लिड, सुनेच्या पाठीशी मास्तर, सासूबाई एकट्याच खंबीर.

भातुकली
मला वाटतं नावांवर आपण उगाच फार जोर देतो. आमची जुळी आहेत, आता पहिलीत. आकारांची नावं यूट्यूबवरून आधीच पाठ होती पण "झाकण डब्याच्या पलीकडे पडलंय" म्हटलं की दोघंही डब्यात बघायची!! मग आम्ही एक खेळ चालू केला. ओट्यावर एक चमचा लपवायचा आणि शोधताना बोटाने दाखवायचं नाही, तोंडाने सांगायचं. कुकरच्या मागे, ताटांच्या मध्ये, परातीच्या खाली, फडताळाच्या कडेला. पहिल्यांदा सगळं "तिकडे" असायचं. तिकडे म्हणजे कुठे? तिकडेएए. मग हळूहळू शब्द यायला लागले, आत-वर-खाली लवकर, मध्ये आणि शेजारी नंतर, मागे-पुढे तर फारच उशिरा.

मागे-पुढेची गंमत बघा. खेळण्यातली बस असेल तर बसला स्वतःचं पुढे असतं, दिवे लागतात ती बाजू. पण चेंडूला कसलं आलंय पुढे? चेंडूच्या मागे म्हणजे आपण जिथून बघतोय तिथून पलीकडची बाजू. आता बस आडवी लावा आणि विचारा बसच्या मागे कोण उभं आहे. मोठी माणसंसुद्धा भांडतात.

घाटपायथा
+१ भातुकली. अलीकडे-पलीकडे तर बोलणारा कुठे उभा आहे त्यावर सगळं.

सदाशिवपेठी_काकू
ते तुमच्याकडे असेल. आमच्याकडे लकडी पुलाच्या पुढचं सगळं नदीपलीकडे. धाकट्या दिरांनी कोथरूडला फ्लॅट घेतला त्याला कैक वर्षं झाली, मी त्यांच्या हॉलमध्ये बसून फोनवर सांगते की मी नदीपलीकडे आलेय म्हणून.

बरं मुद्द्याचं. गोल, चौकोन मुलांना आपोआप येतात गं रानजाई, डावं-उजवं येत नाही. आमच्याकडे एकच सूत्र, जेवायचा हात उजवा. संपला विषय.

डावखुरी
काकू तुमच्या या सूत्राने माझं अख्खं बालपण खाल्लंय. मी डावखुरी, जेवते उजव्या हाताने कारण आजीने वळण लावलं, लिहिते डाव्याने. शाळेत बाई म्हणायच्या लिहायचा हात वर करा, घरी आजी म्हणायची जेवायचा हात, दोन्ही उजवेच!! आजही रिक्षावाल्या काकांना "लेफ्ट... नाही नाही राइट" करते आणि ते आरशातून बघतात.

मुलांना हातावरून नका शिकवू, कायमची खूण करून द्या. माझ्या मुलाच्या डाव्या मनगटावर छोटासा तीळ आहे, तीळवाली बाजू डावी. नसेल तीळ तर दोरा बांधा.

कॉफी_आणि_कडबोळी
आणि समोरच्याचा उजवा हात हे प्रकरण अजून वेगळं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाने पूर्वीच सांगून ठेवलंय की मुलांना आधी स्वतःचं डावं-उजवं कळतं, समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं बऱ्याच नंतर, साधारण आठव्या वर्षाच्या आसपास. तोवर समोर उभं राहून "उजवा हात वर" म्हणत आपण आपला उजवा वर केला की पोरं आरशासारखी डावा वर करणार. नाचाच्या क्लासमध्ये शहाण्या ताई म्हणूनच पाठमोऱ्या उभ्या राहून शिकवतात.

घाटपायथा
आमच्या गावाकडे हा प्रश्नच नाही. आजोळी वाई भागात कोणी डावीकडे-उजवीकडे म्हणत नाही. उगवतीकडं, मावळतीकडं, वरल्या अंगाला, खालच्या आळीला. विहीर कुठाय तर उगवतीच्या बांधाला. मामाला डोळे बांधून गरागरा फिरवला तरी उगवत सांगेल. पुण्यात आलो आणि सोसायटीत सूर्य कुठून उगवतो तेच कळेना, समोरच्या टॉवरच्या मागून कुठूनतरी.

बाणेरचा_बाण
हे वाचलंय मी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये गुगू यिमिथिर म्हणून भाषा आहे, त्यात डावं-उजवं असं चालतच नाही, सगळं पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण. पायाच्या उत्तरेला मुंगी आहे टाइप. आणि लहान मुलांनाही ते जमतं. म्हणजे मुलांना काय अवघड हे घरात कसं बोलतात यावरही ठरत असणार.

(चौरस-आयत मी अजून मान्य केलेलं नाही.)

गुण्या_ओळंबा
मी बांधकामवाला आहे, मराठी लिहायची सवय कमी, सांभाळून घ्या. आमच्याकडे काटकोन हा शब्द कोणी वापरत नाही, आम्ही म्हणतो भिंत गुण्यात आहे का. गुण्या म्हणजे ते लोखंडी काटकोनी हत्यार. उभं बघायला ओळंबा, आडवं बघायला पाण्याची नळी. माझ्या मुलाला सुट्टीत साइटवर घेऊन जायचो, एकच खोली झालेली असताना हां, वरच्या मजल्यावर नाही. तर मिस्त्री काय करतात, कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट खूण, दुसऱ्या भिंतीवर ४ फूट खूण, आणि टेप तिरपा धरला की बरोबर ५ फूट आला पाहिजे. आला तर गुण्यात. पोराला पायथागोरस माहीत नव्हता पण त्याने घरी येऊन टेपने आमच्या हॉलचे सगळे कोपरे तपासले आणि एक कोपरा गुण्यात नाही म्हणून जाहीर केलं. बिल्डर मीच असल्याने पुढचं सांगत नाही.

मुलांना ओळंबा करून द्या, दोऱ्याला किल्ली बांधली तरी चालते. उभं, आडवं आणि तिरपं एकदा हातात कळलं की बाकी सगळं येतं.

शिवणटिपण
गुण्या भाऊ मस्त! आमच्याकडे त्याच तिरप्याला उरेब म्हणतात. कापड उभ्या धाग्यात ओढा, ताणत नाही. आडव्या धाग्यात ओढा, जवळपास नाहीच. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरपं ओढा, लगेच ताणतं. म्हणून गळ्याची पट्टी उरेब कापतात, वळणावर नीट बसते. नातीला साधा सुती हातरुमाल दिला ओढायला, ती तासभर तेच करत होती. रुमाल चौकोनी राहिला नाही ते सोडा.

ठिपके_जोडा
रानजाई, तुझ्या डायमंडचं सांगते. रांगोळी घाल तिच्याबरोबर. सरळ ओळीत ठिपके काढ, पाच पाच पुरे. आता मधला एक ठिपका सोडून त्याच्या वरचा, उजवीकडचा, खालचा, डावीकडचा असे चार ठिपके जोडायला सांग. झाला डायमंड. मग तिला उठव, दोन ठिपक्यांच्या मधल्या तिरप्या बाजूला, म्हणजे रांगोळीच्या कोपऱ्याशी नेऊन बसव आणि विचार काय दिसतंय. आकृती जागच्या जागीच आहे, पोरगी हलली. तिथून तो चौरस दिसतो. कागद फिरवण्यापेक्षा हे भारी कारण रांगोळी फिरवता येत नाही, स्वतःलाच फिरावं लागतं!

आणि आडठिपके घातले, ४ ते ७ ते ४, म्हणजे पहिल्या ओळीत चार, मग पाच, सहा, सात, परत सहा, पाच, चार, प्रत्येक ठिपका वरच्या दोघांच्या मधोमध, तर बाहेरून जोडल्यावर षटकोन होतो. ठिपके एकूण ३७. षटकोन हा शब्द सांगायचीही गरज नाही, "सहा कोपरे" म्हणू दे. माझ्या भाचीने आत त्रिकोण मोजायला घेतले आणि दिवाळीचं अभ्यंगस्नान लांबलं.

निवृत्त_मास्तर
ठिपके_जोडा, हे मी वर्गात करायला हवं होतं अशा यादीत टाकतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच केलं, महागड्या साधनांच्या जागी दगड, पानं, बिया, शिंपले. मुलं जे रोज हाताळतात तेच साधन. आणि बालभारतीच्या पहिलीच्या गणिताची सुरुवातही लहान-मोठा, मागे-पुढे, वर-खाली अशीच असते, आकडे त्यानंतर. पालक ती पानं "काय हे सोप्पं" म्हणून उलटतात, तिथेच तर खरी भूमिती असते.

गोलबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून सांगतो. लाडू, पोळी आणि बांगडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लाडू भरीव, कुठूनही बघा तसाच. पोळी सपाट, तिला कड आहे आणि आत पीठ आहे. बांगडीला फक्त कड, आत काही नाही. भूमितीतलं वर्तुळ म्हणजे बांगडी. मुलीला तिन्ही हातात द्या आणि एवढंच विचारा, घरंगळतं का, कसंही ठेवलं तरी? आत बोट जातं का? नाव तीच वेगळं करेल.

सदाशिवपेठी_काकू
मास्तर, पोळीला आत पीठ राहिलं तर ती कच्ची असते. स्वयंपाकाचं आमच्यावर सोडा.

टेकडीवाला
पुण्यातच असाल तर पोरांना घेऊन पाताळेश्वरला जा, जंगली महाराज रोडवर, पार्किंगचं तुमचं तुम्ही बघा. आठव्या शतकातलं लेणं, अख्ख्या खडकात कोरलेलं. समोर नंदीचा मंडप आहे तो चक्क वर्तुळाकार, वर दगडी छत्रीसारखं छत आणि त्याला खांब मात्र चौकोनी. मुलांना नुसतं सांगायचं की गोल शोधा, चौकोनी शोधा. मंडपाभोवती फिरताना आत-बाहेर-भोवती सगळं आपसूक होतं.

दुसरं म्हणजे विद्यापीठाच्या आवारातलं आयुका, खगोलशास्त्राची संशोधन संस्था. चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेली वास्तू, अंगणात त्रिकोणांत त्रिकोण असा सिअरपिन्स्कीचा नमुना आहे. तिथेच मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. आधी फोन करून जा, आत कोणालाही केव्हाही सोडत नाहीत.

मृदुला_नव्हे_मृण्मयी
मुक्तांगण म्हटलं की टाकाऊतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता! त्यांचं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून आकार करायचं खेळणं आठवतंय का? ट्यूबचे छोटे तुकडे म्हणजे सांधे, काड्या म्हणजे बाजू. तीन काड्यांचा त्रिकोण केला की कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौरस केला आणि कोपऱ्याला टिचकी मारली की झाला शंकरपाळं! म्हणजे बाजू त्याच, लांबी तीच, कोपरे तेवढे बदलले. रानजाईच्या वर्कशीटवाल्या मॅमना हे एक द्या भेट. त्यांना चौरस कधी डायमंड होतो आणि कधी नुसता तिरका होतो ते दिसेल.

आणि अजून एक, तो चौरस अर्धवट दाबत दाबत आणा, एका क्षणी समोरासमोरच्या जवळच्या दोन कोपऱ्यांत तेवढ्याच लांबीची काडी बरोब्बर बसते. दोन त्रिकोण. मग हलवून दाखवा बघू.

गुण्या_ओळंबा
म्हणून तर पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा सांगाडा बघा, सगळे त्रिकोण. चौकोनात तिरपा मारल्याशिवाय आमच्याकडे काही उभं राहत नाही.

रानजाई
अरे बाप रे केवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद. मी असं ठरवलंय की घरात चौकोनच म्हणू, सासूबाईंचा मान राहतो आणि मास्तरांचाही, "सगळ्या बाजू सारख्या असलेला" हे वर्णन म्हणून जोडू. शाळेचे इंग्रजी शब्द शाळेत, त्याने ती गोंधळत नाहीये, मीच गोंधळले होते. चमच्याचा खेळ काल खेळलो. ती "वरच्या खाली" म्हणाली, खूप विचार केल्यावर कळलं की वरच्या कप्प्यात पण बरणीच्या खाली!

वर्कशीटवर मात्र मी पेन्सिलने लिहून पाठवलं, कागद थोडा फिरवून बघावा ही विनंती. उत्तर अजून नाही.

पेठेतला_पोपट
ही विनंती पाटी करून शाळेच्या गेटवर लावा. खाली "हुकुमावरून" लिहायला विसरू नका.

बाणेरचा_बाण
मृण्मयी, व्हॉल्व्ह ट्यूब आता कुठे मिळते? दोन सायकलवाल्यांनी मला वेड्यात काढलं. माझ्या पोराला करून द्यायचंय. आणि हो, मलाही बघायचंय.

मृदुला_नव्हे_मृण्मयी
ट्यूब सोडा, भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक. किंडरगार्टनवाल्या फ्रोबेलच्या साधनांतही वाटाण्यांचं काम होतं. टोक वाटाण्यात खुपसायचं, झाला सांधा. सुरुवातीला कोपरे हलतात तोवर दाबून-ओढून बघा, आणि रात्रभर ठेवलं की वाटाणा वाळून आवळतो आणि आकार घट्ट बसतो. ठोकळाही होतो, ८ वाटाणे आणि १२ काड्या.

बाणेरचा_बाण
किती भिजवायचे? उकडायचे का?

मृदुला_नव्हे_मृण्मयी
रात्रभर. उकडायचे अजिबात नाहीत, लगदा होईल. पांढरे घ्या, मोठे असतात.

सदाशिवपेठी_काकू
उरलेल्यांची उसळ करा. टूथपिक मोजून काढा मात्र.